वादीच्या दोन काठांवरचं जर्मन गाव

जर्मनीतल्या एका नदीकाठच्या चिमुकल्या गावाचा इतिहास मला तोंडपाठ आहे. ते गाव मी पाहिलेलं नाही आणि आता या गुडघ्यांनी पाहीन असं वाटतही नाही. गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. नदीच्या दोन काठांची दोन नावं जोडून ते एक नाव झालंय आणि त्यातलं कुठलं आधी लिहायचं यावरून तिथे अजून माणसं एकमेकांच्या बारशाला जात नाहीत. तुमचा हा दिवाळी अंक तिथवर पोचायचा नाही, हे मला कळतं. पण विषाची परीक्षा घ्या कशाला?

तर माझं काम जर्मन दुभाष्याचं, आणि तेही मस्कतमध्ये. आमच्या वेळी पुण्यात जरा बऱ्या मार्कांच्या मुलीने जर्मन शिकायची पद्धत होती. शिकून पुढे त्याचं काय करायचं, हे कुणी सांगत नसे. मी पेठेत वाढले आणि लग्न होऊन नदीपलीकडे गेले, तर आई सगळ्यांना "वृंदाला गावाबाहेर दिली" असं सांगायची. पुढे लेल्यांची नोकरी मस्कतला लागली. मदिनत सुलतान काबूस नावाच्या वस्तीत घर, मुलं शाळेत, आणि मी दिवसभर भरली वांगी करून शेजाऱ्यांना वाटतेय. एकदा मत्रहच्या बाजारात एक जर्मन बाई दुकानदाराशी लोबानावरून हुज्जत घालत होती. मी मध्ये पडले, तिची समजूत काढली, आणि दुकानदाराच्या मेहुण्याच्या टुरिस्ट कंपनीत मला काम मिळालं. आडनावाचाही फायदा झाला. जर्मन माणसाला सुखाने म्हणता येईल असं आडनाव आमच्याकडे तयारच होतं. "फ्राऊ लेले!" असं ते इतक्या प्रेमाने म्हणायचे की मला उगाचच आपण गाणं गातो असं वाटायचं.

या धंद्याबद्दल थोडं सांगते. हिवाळ्यात मत्रहच्या बंदरात पर्यटकांची मोठाली जहाजं सकाळी लागतात आणि संध्याकाळी सुटतात. मधल्या वेळेत माणसांना बसमध्ये भरायचं, किल्ला दाखवायचा, जेवू घालायचं आणि परत आणून सोडायचं. किल्ल्यावरचा ओमानी माणूस जे सांगेल त्याचं जर्मन करायचं, आणि जर्मन माणूस जे विचारेल त्याचं जमेल तितकं सभ्य अरबी-इंग्रजी करायचं. दुभाष्याने काही गाळू नये आणि पदरचं काही घालू नये, हा नियम. इतिहासापेक्षा संडास महत्त्वाचा, हा दुसरा नियम, आणि तो पहिल्याच्या आधी येतो. गळ्यात एक लहानसा लाउडस्पीकर, हातात बसच्या नंबरची पाटी, डोक्यावर टोपी. नमुने तर काय विचारू नका. एकाने वाळवंट "अव्यवस्थित" आहे अशी तक्रार केली होती. एक आजोबा घरून टेप आणून प्रत्येक किल्ल्याची भिंत मोजायचे आणि माहितीपत्रकाशी जमलं नाही की माझ्याकडे बघायचे. जणू भिंत मीच बांधली होती.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे जहाज. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर ते थांबतं. बाहेरून सहल ठरवली असेल तर भोंगा वाजवून निघून जातं. हे लक्षात ठेवा.

त्या दिवशीची चार नंबरची बस म्हणजे अख्खं एक गाव होतं. गावाच्या इतिहास मंडळाची सहल. परक्यांबरोबर नको म्हणून त्यांनी जहाजाची सहल सोडून आमची घेतली होती. बसमध्ये चढताना मी पाहिलं, नवरे-बायका सोडले तर कुणी कुणाच्या शेजारी जाऊन बसेना. शेवटी डावीकडच्या सगळ्या सीटा भरल्या आणि उजवीकडच्याही भरल्या, पण मधल्या वाटेतून कुणी इकडचं तिकडे पाहीना. आमचे ड्रायव्हर अब्बासभाई रत्नागिरीकडचे. आरशातून बघून मला म्हणाले, "वहिनी, ह्यांच्यात कोन मेलाय काय?"

मेलं कुणी नव्हतं. डावीकडे होते नदीच्या चर्चकडच्या काठाचे लोक आणि उजवीकडे गिरणीकडच्या काठाचे. चर्चकाठाचे पुढारी हेर क्नोल (हेर म्हणजे त्यांच्याकडे श्रीयुत), शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेले, उंच, काटकुळे, हातात घडीचं स्टूल. गिरणीकाठाच्या पुढारी फ्राऊ बोल्ट, बेकरी चालवून निवृत्त झालेल्या, बुटक्या, भरभक्कम. पहाटे कणीक मळता मळता हाका मारून कमावलेला आवाज.

रुस्ताकच्या किल्ल्याला पोचेपर्यंत मला सगळा इतिहास कळला. चारशे वर्षांपूर्वी शत्रूची फौज चालून आली. ती चर्चकाठाच्या बाजूने आली. नदीवर लाकडी पूल होता. फौज दिसायला लागली आणि पूल जळाला. गिरणीकाठ वाचला, चर्चकाठ लुटला गेला. हेर क्नोल यांच्या मते गिरणीवाल्यांनी आपला जीव वाचवायला पूल पेटवला आणि शेजाऱ्यांना वाऱ्यावर सोडलं. फ्राऊ बोल्ट यांच्या मते चर्चवाल्यांच्या एका खाटकाने पुलाखाली सॉसेजं धुरी देत ठेवली होती आणि फौज बघून तो विस्तव तसाच टाकून पळाला. पुढे दगडी पूल झाला, दोन गाड्या बाजूबाजूने जातील एवढा. पण अग्निशामक दलं दोन, गायकवृंद दोन, जत्रा दोन. हे सगळं दोघांनी मला एकाच वेळी, दोन कानांत सांगितलं.

किल्ल्यावर तर कहरच झाला. तिथल्या ओमानी माणसाने दरवाज्यावरचं भोक दाखवलं आणि सांगितलं की शत्रू आला की इथून त्याच्यावर उकळता खजुराचा पाक ओतायचे. मी त्याचं जर्मन केलं. हेर क्नोल लगेच स्टुलावर उभे राहिले.

"आमच्याकडे लापशी ओतली होती! चर्चच्या मनोऱ्यावरून! उकळती!"

"पीठ आमच्या गिरणीचं होतं," फ्राऊ बोल्ट खालून म्हणाल्या.

"पण उकळली आम्ही!"

"आणि गुठळ्या झाल्या होत्या! म्हणून तर शत्रू मेला नाही!"

ओमानी माणसाने मला हळूच विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, तुमच्या पाकाचं कौतुक करतायत. गाळू नये, घालू नये, सगळं खरं आहे, पण पाहुण्यांसमोर घरची धुणी कोण धुतं? तेवढ्यात संडासाला रांग लागली. एक नव्हे, दोन. संडास एकच, रांगा दोन, आणि दोन्ही रांगांतला एकेक माणूस आळीपाळीने आत जाणार. बाकीच्या गटांना लागतो त्याच्या दुप्पट वेळ आम्हाला तिथेच लागला.

परतताना जेवणाची जागा आमची नेहमीचीच होती, वादीच्या काठावर, बाभळींच्या सावलीत. वादी म्हणजे डोंगरातून येणारी कोरडी नदी. वर्षातले बहुतेक दिवस तिथे नुसते गोटे असतात आणि बकऱ्या. मी सतरंज्या घातल्या, डबे मांडले. गिरणीकाठाचे लोक आले आणि बसले. चर्चकाठाचे उभेच.

"बसा ना," मी म्हटलं.

हेर क्नोल यांनी आधी वादीकडे पाहिलं, मग बसलेल्या लोकांकडे पाहिलं, आणि आपलं स्टूल उचललं. त्यांच्यामागून सगळा चर्चकाठ डबे घेऊन निघाला. गोट्यांवरून ठेचकाळत, एकमेकांना हात देत, ते पलीकडच्या काठावर गेले आणि तिथल्या खजुरीच्या बागेपाशी बसले. ना नदी, ना पाणी, ना पूल. पण आपला काठ तो आपला काठ. मी पुण्याची, मला हे कळत होतं. अब्बासभाई मात्र हातातला घास विसरून बघत राहिले.

"आमच्याकडं पन आसाच हाय," शेवटी ते म्हणाले. "खाडीच्या दोन बाजूना दोन मोहल्ले. खाडी एकच, पन त्यांच्या बाजूच्या तिसऱ्यांत, शिंपल्यांत, रेती जास्ती."

तेवढ्यात पलीकडच्या बागेतून एक म्हातारा ओमानी धावत बाहेर आला आणि डोंगराकडे हात करून ओरडायला लागला. आमच्या डोक्यावर निळंशार आकाश. पण वर कुठेतरी डोंगरात पाऊस झाला होता. आधी आवाज आला, आणि मग मातकट पाणी आलं, त्यात काटक्या, एक चप्पल, एक प्लास्टिकची खुर्ची. बघता बघता कोरडे गोटे दिसेनासे झाले. दोन्ही काठ उंच होते, त्यामुळे जिवाला धोका कुणाच्याच नव्हता. पण अर्धं गाव तिकडे होतं, आणि अर्धं गाव, बस, ड्रायव्हर आणि मी इकडे.

"वहिनी, मी पान्यात गाडी घालनार नाय," अब्बासभाईंनी मी काही म्हणायच्या आधीच सांगून टाकलं. "गाडी अर्बाबची, मालकाची हाय, जीव माजा हाय."

घालायला मीही सांगणार नव्हते. वाहत्या वादीत गाडी घालणाऱ्यांच्या गोष्टी तिथे सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. मी कंपनीच्या मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, जहाज थांबणार नाही. जेवढे हातात आहेत तेवढे घेऊन ताबडतोब निघा. उरलेल्यांना पाणी उतरलं की जीपने आणू, मग त्यांचं नशीब. अर्धे तरी पोचू देत. आणि अर्धेही पोचले नाहीत तर उद्यापासून यायची तसदी घेऊ नका, हेही म्हणाला.

फोन ठेवला. हे जर्मनमध्ये सांगायचं कसं? पण नियम म्हणजे नियम. मी सांगितलं.

"अर्धे?" फ्राऊ बोल्ट यांनी विचारलं. "कुठले अर्धे?"

"तुम्ही."

गिरणीकाठाचे एक दातांचे डॉक्टर म्हणाले की व्यवहार बघितला तर मॅनेजरचं बरोबर आहे, आणि त्यांची स्वतःची औषधाची गोळीही जहाजावरच राहिली आहे. फ्राऊ बोल्ट त्यांच्याकडे वळल्या.

"मी शाळेत होते तेव्हा मला पूलजाळी म्हणायचे," त्या म्हणाल्या. "आई गेली तेव्हा पलीकडचा पाद्री उशिरा आला. पावसाचं कारण सांगितलं. पाऊस नव्हता. आणि आज आपण बसमध्ये बसून निघून गेलो, तर पुढची चारशे वर्षं काय ऐकावं लागेल, डॉक्टर?"

मग जर्मन पद्धतीप्रमाणे मतदान झालं. थांबायचं त्यांनी हात वर करा. सगळे हात वर गेले, डॉक्टरांचा सर्वांत शेवटी आणि कोपरापर्यंतच.

आता गंमत अशी की पलीकडून हेर क्नोल हे सगळं बघत होते. त्यांना बस दिसत होती, इकडे चाललेली चर्चा दिसत होती आणि आता सगळ्यांचे वर झालेले हात दिसले. त्यांना वाटलं, गिरणीवाले निरोप घेतायत! अहाहा, काय आनंद झाला म्हणून सांगू त्या माणसाला! चारशे वर्षांनी पुरावा मिळत होता. त्यांनी टोपी काढून जोरजोरात हलवली, "जा, जा!" असे हात केले, स्टुलावर चढले आणि कॅमेरा काढून भराभर फोटो घ्यायला लागले.

फ्राऊ बोल्ट यांनी माझ्या गळ्यातला लाउडस्पीकर ओढला. तो मी काढेपर्यंत माझी मानही त्याच्याबरोबर गेली.

"क्नोल!" त्यांचा आवाज वादीच्या पार गेला. बागेतल्या बकऱ्यासुद्धा वळून बघायला लागल्या. "फोटो काढून झाले असतील तर खाली बस! आम्ही कुठेही जात नाही!"

हेर क्नोल यांनी हातांचा भोंगा करून काहीतरी ओरडून सांगितलं. पाण्याच्या घोंघाटात शब्दही ऐकू आला नाही. आणि तेव्हा फ्राऊ बोल्ट यांच्या लक्षात आलं की चारशे वर्षांत पहिल्यांदाच गिरणीकाठाला बोलता येत होतं आणि चर्चकाठाला फक्त ऐकता. ही संधी त्या सोडतात होय! त्यांनी खाटकापासून सुरुवात केली. सॉसेजं, विस्तव, वाऱ्याची दिशा, सगळं पद्धतशीर. पलीकडे हेर क्नोल हात उडवताहेत, पाय आपटताहेत, मान हलवताहेत. इकडे गिरणीकाठ प्रत्येक मुद्द्याला टाळ्या वाजवतोय.

मध्येच बागेतल्या म्हाताऱ्याने तिकडे गालिचा अंथरला. कहवा आला, खजूर आला, हलव्याची परात आली. आमच्या बाजूला उरला होता कोरडा पाव आणि उकडलेली अंडी. "बघा," दातांचे डॉक्टर म्हणाले, "नेहमी त्यांनाच मिळतं." फ्राऊ बोल्ट यांनी हे स्पीकरवरून जसंच्या तसं पलीकडे कळवलं. हेर क्नोल यांनी मुद्दाम हलव्याचा मोठा घास घेतला.

आणि मग फ्राऊ बोल्ट यांचा आवाज एकदम खाली आला. स्पीकर तोंडाला तसाच.

"माझा योहान तुमच्या काठाचा होता," त्या म्हणाल्या. "आमच्या लग्नाला त्याची आई आली नाही. पूल होता तेव्हा. दगडी. चालत आली असती तर आमच्याकडचा केक गरम मिळाला असता. मी वाट बघून केक कापला. योहान मरेपर्यंत आम्ही त्यावर बोललो नाही. मी पूल जाळला नव्हता, क्नोल. मी तेव्हा जन्मालाही आले नव्हते."

पलीकडे हेर क्नोल यांच्या तोंडात हलवा तसाच राहिला असावा. मला रडू आलं, खरंच आलं. गॉगल होता म्हणून बरं. अब्बासभाई नाक पुसत म्हणाले, "वहिनी, ती बाय काय बोलते ता कळत नाय, पन बरोबर बोलते."

म्हाताऱ्याने पाण्याच्या कडेला एक काठी रोवली होती आणि तो तिच्याकडे बघत बसला होता. आम्ही घड्याळाकडे बघत होतो. अब्बासभाई इकडून अरबीत विचारायचे, तो तिकडून हाताचा पंजा दाखवायचा, सब्र, धीर धरा. शेवटी तो उठला, काठी उपटली आणि "खलास!" असं ओरडला. पाणी घोट्याएवढं उरलं होतं. त्याच्या पिकअपच्या मागच्या भागात उभं राहून, खेपा करत, सगळा चर्चकाठ इकडे आला. हेर क्नोल शेवटच्या खेपेला. उतरून ते सरळ फ्राऊ बोल्ट यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि कागदात बांधलेला हलवा पुढे केला.

"तुमच्यासाठी ठेवला होता."

फ्राऊ बोल्ट यांनी खाल्ला. "साखर जास्त आहे," म्हणाल्या आणि कागद चाटूनपुसून साफ केला.

यल्ला यल्ला, चला चला, करत मी सगळ्यांना बसमध्ये कोंबलं. घाईत जो तो मिळेल त्या सीटवर बसला. मत्रहच्या वाटेवर हेर क्नोल यांनी स्पीकर मागितला.

"पूल गिरणीकाठानेच जाळला होता," ते म्हणाले. बसमध्ये "आऽऽ" झालं. "पण बस त्यांनी थांबवली." आणि खाली बसले.

"निम्मं बरोबर आहे," फ्राऊ बोल्ट म्हणाल्या.

अब्बासभाईंनी त्या दिवशी गाडी अशी आणली की मी सगळे देव आठवले. आम्ही बंदराच्या वळणावर आलो आणि जहाज दिसलं. फारच छान दिसलं, पांढरंशुभ्र, सगळंच्या सगळं. कारण ते धक्क्यापासून सुटून बाहेर निघालं होतं.

सगळे उतरले आणि समुद्राकाठच्या कठड्याशी ओळीने उभे राहिले. मिसळून, जसे बसमधून उतरले तसे. जहाज लहान होत गेलं. चारशे वर्षांत पहिल्यांदा ते गाव एकाच काठावर उभं होतं, आणि मी मनात म्हटलं, वृंदा, नोकरी गेली तर गेली, हे पाहायला मिळालं.

मग दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "पण यात चूक कोणाची?"

ओळीत कुजबुज सुरू झाली. दोन्ही काठांची डोकी एकत्र आली, बराच वेळ खल चालला. शेवटी हेर क्नोल आणि फ्राऊ बोल्ट दोघं मिळून माझ्याकडे आले.

"फ्राऊ लेले," हेर क्नोल म्हणाले, "जेवणाची जागा तुम्ही निवडली होती."

"आणि संडासापाशी वेळ फार घालवला," फ्राऊ बोल्ट म्हणाल्या.

"अहो, रांगा तुम्ही दोन लावल्या होत्या!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना डोलावल्या. बाईचा स्वभावच असा दिसतो, अशा. मागे सगळं गाव एकमताने मान डोलावत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना विमानाने पुढच्या बंदराला धाडलं, तर विमानतळावर ते एकाच रांगेत उभे होते. मला बघून एकाच वेळी सगळ्यांनी तोंड फिरवलं.

मॅनेजरने शब्द पाळला आणि मला काढलं. दोन जहाजं गेल्यावर परत बोलावलं, कारण जर्मन बोलणारं दुसरं कुणी मिळेना. मी गेले. स्वाभिमान होता, पण घरी बसून वांगी किती करणार?

आता मी पुण्यात असते, नदीच्या कुठल्या काठावर ते सांगत नाही. फ्राऊ बोल्ट यांच्याशी फोन होतो. त्यांनी सांगितलं की गावात आता दोनाऐवजी एकच जत्रा भरते आणि पूल जळण्याचं जे नाटक होतं त्याला एक अंक जोडलाय. रस्त्यावर निळं कापड हलवतात, ती वादी. बसचा ड्रायव्हर त्यात नायक आहे. हे कळल्यापासून अब्बासभाई मला सारखे फोन करतात, "वहिनी, माजा पार्ट जर्मनीत चांगला करतात ना?" आणि खलनायिका मी. मी पाटी घेऊन रंगमंचावर आले की दोन्ही काठांची पोरं मिळून हुर्यो करतात. एक वर्ष चर्चकाठाची बाई फ्राऊ लेले होते, एक वर्ष गिरणीकाठाची. आळीपाळी ठरली आहे, भांडण नाही.

माझा राग एवढाच की त्यांनी मला पडद्याच्या कापडाची साडी नेसवली होती. त्या दिवशी मी पॅन्टमध्ये होते, हे फोटोत स्वच्छ दिसतंय. पण खलनायिका पॅन्टमध्ये उठून दिसत नाही म्हणे. बरं, मग साडी तर साडी. पण पडदा? मी माझी जांभळी नारायणपेठ पाठवून दिली आणि व्हिडिओ कॉलवर नेसवायला बसले. तिकडे एका खोलीत दोन्ही काठांच्या बायका जमल्या होत्या. पदर गिरणीकाठाने धरला, निऱ्या चर्चकाठाने घातल्या, आणि हेर क्नोल मागे स्टुलावर उभे राहून देखरेख करत होते.

"फ्राऊ लेले," त्यांनी गंभीरपणे विचारलं, "खलनायिकेला निऱ्या किती असतात?"

"नायिकेला असतात तेवढ्याच," मी म्हटलं. "पण घट्ट खोचा. तुमची पोरं मागे लागली की मला पळावं लागणार आहे."